सुप्याचा उठाव

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात बारामती आणि इंदापूर हे तालुके आहेत. नीरेचा कालवा येण्यापूर्वी हा मुलूख सर्वस्वी पावसावर अवलंबून असे. पाऊस वेळेवर आला, तर ज्वारी-बाजरीने शेते डुलत. न आला, तर पेरलेले बीही हाती लागत नसे.

१८१८ साली पेशवाई संपून येथे इंग्रजांचा अंमल सुरू झाला. नव्या सरकारने शेतांची मोजणी करून प्रत्येक खातेदारावर रोख रकमेचा सारा बसविला. या पद्धतीस रयतवारी म्हणतात. दख्खनेत तिचा आरंभ इंदापूर तालुक्यात झाला. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने शेतीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाचे शेकडा ५५ भाग सरकारचे ठरविले. हा भार रयतेला सोसवेना. कित्येक कुटुंबे जमिनी टाकून निघून गेली आणि शेते ओसाड पडली. तेव्हा १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी सारा कमी करून तो तीस वर्षांसाठी कायम केला. ओसाड शेतांत पुन्हा नांगर फिरू लागले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेना. म्हणून हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारही सढळ हाताने कर्जे देऊ लागले. परंतु १८६५ साली युद्ध थांबले आणि भाव कोसळले. नेमक्या याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ साली इंदापूर तालुक्याचा सारा जवळजवळ दीडपट झाला आणि शेजारच्या तालुक्यांतही वाढ होऊ लागली.

पीक बुडाले तरी सारा रोखच भरावा लागे. पैसा आणावा कोठून? शेतकरी सावकाराच्या दारी जाई. अडचणीच्या वेळी पैसा देणारा तोच एक होता, हे खरे. परंतु व्याज भारी असे. मुदत संपत आली, की व्याज मुदलात मिळवून नवे कर्जखत लिहिले जाई. निरक्षर शेतकरी त्यावर मुकाट्याने निशाणी करी. पुढे फिर्याद होई, हुकूमनामा निघे आणि वाडवडिलांची जमीन लिलावात जाई.

अखेर सहनशीलतेचा अंत झाला. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावच्या लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुपे या बाजारगावी मोठा जमाव जमला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आज ते बारामती तालुक्यात आहे. जमावाने सावकारांची घरे व दुकाने गाठून कर्जखते आणि वह्या मागितल्या व त्यांची होळी केली. पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. लोकांचा रोष कागदांवर होता. जेथे कागद मुकाट्याने हाती आले, तेथे सहसा कोणास इजा झाली नाही. तरीही लूट व जाळपोळ झालीच. सरकारने फौज पाठविली आणि शेकडो लोकांना कैद केले.

चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कर्जखतावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता मूळ कर्ज किती होते, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. परंतु सारा किती असावा, हे ठरविण्याचा अधिकार सरकारने आपल्याच हाती ठेविला. सारा देणाऱ्याला त्यात शब्द नव्हता.

हाच प्रश्न पुढे देशापुढे उभा राहिला. १८७० साली स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा रयतेची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडीत होती. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून कुणब्याची दैना जगापुढे ठेविली. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावून दिले. १९२८ साली त्याच मुंबई इलाख्यातील बारडोलीच्या शेतकऱ्यांनी, वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली, शांततेने वाढीव सारा नाकारला आणि सरकारला नमविले. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. कर कोणी ठरवावा, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मिळाले : जे कर देतात, त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी.

सुप्याच्या आगीत कर्जखते जळाली, पण अन्यायाचे मूळ जळाले नाही. ते मूळ कोठे आहे, हे ओळखण्यास मात्र लोक तेथून शिकू लागले.

स्वाध्याय

१. पीक बुडाल्यावर शेतकऱ्यास सावकाराकडे का जावे लागे?
२. अमेरिकेतील युद्धाचा येथील शेतकऱ्यावर काय परिणाम झाला?
३. सुपे व बारडोली येथील लोकांच्या मार्गांत कोणता फरक होता?