बखर सगळ्यांची, टिपा गुरुजींच्या

आम्ही एका जुन्या बखरीची सटीप आवृत्ती काढली. एका निवृत्त गुरुजींनी कित्येक वर्षे खपून टिपा लिहिल्या होत्या. पुढे दुसऱ्या एका प्रकाशकाने तीच बखर छापली, त्याच टिपांसह. आमच्या छपाईत एका सनाचे आकडे उलटे पडले होते, तेही तसेच उतरले होते. गुरुजींचे नाव मात्र गाळलेले. ‘बखर तुमच्या मालकीची आहे का?’ हे आम्ही जाब विचारल्यावर त्या प्रकाशकाचे उत्तर.

वकिलांनी मला मॅकमिलन विरुद्ध कूपर हा खटला सांगितला, आणि असे काम करणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत हवा. नॉर्थने सोळाव्या शतकात इंग्रजीत आणलेल्या प्लुटार्कमधून अलेक्झांडरचे चरित्र वेचून, टिपा जोडून मॅकमिलनने विद्यार्थ्यांसाठी पुस्तक काढले. मुंबईच्या कूपर यांनीही तेच केले. मुंबई उच्च न्यायालयात मॅकमिलनला दाद मिळाली नाही. १९२३ साली प्रिव्ही कौन्सिलने संहिता आणि टिपा वेगवेगळ्या तोलल्या: वेचलेल्या मजकुरावर हक्क नाही, टिपांवर आहे.

समोरून पुढचा मुद्दा आला, तुमची कॉपीराइट नोंदणी कुठे आहे? नोंदणी सक्तीची नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली संजय सोया प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा या प्रश्नाने कोणी घाबरून जाऊ नये. कागद मात्र हवेतच. टिपांचा पहिला मालक त्या लिहिणारा. प्रकाशकाकडे हक्क येतो तो लेखी, सहीच्या करारानेच. करारात मुदत नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंत पुस्तक न्यायचे असेल, तर तसे करारात लिहून घ्या. कच्चे खर्डे, तपासलेली प्रुफे, पत्रे जपा. केवळ मेहनत पुरेशी नाही, थोडी तरी स्वतःची बुद्धी दिसली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात म्हटले आहे. ती बुद्धी खोडलेल्या ओळींत दिसते.

मला खरा संताप आला तो नाव गाळल्याचा. हक्क प्रकाशकाला दिला तरी लेखकपण लेखकाचेच राहते; कायद्याचे कलम ५७ तेच सांगते. आमच्या पहिल्या नोटिशीला त्या दुसऱ्या प्रकाशकाने दाद दिली नाही. दुसरी गुरुजींनी स्वतःच्या सहीने पाठवली, तेव्हा कुठे उरलेल्या प्रती दुकानांतून परत घेतल्या गेल्या.