फळांचा केक

इंग्लंडमध्ये नाताळचा सण २५ डिसेंबरला येतो. परंतु त्याची चाहूल स्वयंपाकघराला महिनाभर आधीच लागते. नोव्हेंबरच्या अखेरीकडील एका रविवारी अनेक घरांतून मोठे पातेले बाहेर निघते. सुकी फळे, साखर, मसाले आणि अंडी त्यात एकत्र केली जातात, आणि घरातील लहानथोर प्रत्येक जण ते मिश्रण एकेकदा ढवळतो. ह्या दिवसाला तिकडे ‘ढवळण्याचा रविवार’ अशा अर्थाचेच नाव पडले आहे. त्या दिवशी मुख्यतः नाताळचे पुडिंग होते. परंतु फळांचा केकही त्याच सुमारास भाजून सणापर्यंत डब्यात ठेवण्याची चाल आहे.

महाराष्ट्रातील गृहिणीला हे ऐकून नवल वाटेल. दिवाळीची चकली हवा लागताच सादळते. पाव तर चार दिवसांत वाळतो, नाहीतर त्याला बुरशी येते. मग मैदा आणि अंडी घालून केलेला केक इतके दिवस कसा टिकतो? तो नुसता टिकत नाही, तर मुरतो आणि पहिल्या दिवसापेक्षा अधिक मऊ लागतो. ह्याचे रहस्य त्यातील फळांत आणि साखरेत आहे.

ह्या केकमध्ये दोन कुळांतली फळे एकत्र येतात. बेदाणे, काळ्या मनुका आणि लाल आंबट क्रॅनबेरी ही गोड-आंबट सुकी फळे एका बाजूला. संत्रे आणि लिंबू ही रसाळ फळे दुसऱ्या बाजूला. अगदी बारीक काळ्या मनुकांना इंग्रजीत ‘करंट’ म्हणतात. ग्रीस देशातील कॉरिंथ ह्या नगराच्या नावावरून तो शब्द आला आहे. वनस्पतिशास्त्र तर असे सांगते, की द्राक्ष हे मृदुफळ होय आणि संत्रे हाही मृदुफळाचाच एक प्रकार होय. महाराष्ट्राला ही सामग्री परकी नाही. बेदाण्यांसाठी सांगली जिल्ह्यातील तासगाव प्रसिद्ध आहे, आणि संत्री म्हटली की नागपूरचे नाव तोंडी येते. वसईतील व गोव्यातील ख्रिस्ती घरांतूनही नाताळात असा केक होतो.

त्याची कृती अवघड नाही. मात्र ती घाईची नाही. ६०० ग्रॅम सुकी फळे आणि पाकवलेल्या संत्र्याच्या सालीचे तुकडे घेऊन त्यांवर संत्र्यांचा दीडशे मिलिलिटर रस व एका लिंबाचा रस ओततात. हे भांडे रात्रभर झाकून ठेवतात. सकाळपर्यंत सुरकुतलेला बेदाणा टपोरा झालेला असतो. इंग्लंडमध्ये पुष्कळ जण रसाऐवजी मद्य वापरतात, आणि त्यामुळे तो केक अधिक दिवस राहतो. रसात भिजविलेला केक सणाच्या आधी चार-पाच दिवस केलेला बरा.

दुसऱ्या दिवशी २०० ग्रॅम लोणी व २०० ग्रॅम तपकिरी साखर हलकी होईपर्यंत फेसतात. त्यात चार अंडी एकेक करून घालतात. मग २२५ ग्रॅम मैदा, दालचिनी, जायफळ आणि संत्र्याची किसलेली साल मिसळून शेवटी भिजलेली फळे घालतात. भांड्याला आतून कागदाचे दोन थर लावून त्यात हे मिश्रण ओततात आणि १५० अंश सेल्सिअसच्या मंद आचेवर अडीच ते तीन तास भाजतात. मध्यभागी खुपसलेली विणकामाची सुई कोरडी निघाली, की केक झाला असे समजावे.

ह्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. फळे न भिजविता घातली, तर ती तहानलेली असल्यामुळे पिठातलेच पाणी ओढून घेतात आणि केक कोरडा पडतो. आच प्रखर असेल, तर मधला भाग शिजण्याआधीच कडा करपतात. कागदाचे दोन थर कडांना त्या आचेपासून वाचवितात. पुढे बंद डब्यात फळांतला ओलावा हळूहळू सगळीकडे पसरतो. ओलावा असूनही बुरशी लवकर येत नाही, कारण साखर ते पाणी आपल्याशी बांधून ठेवते आणि सूक्ष्म जंतूंना ते मिळत नाही. आंब्याचा मुरंबा वर्षभर टिकतो, तोही ह्याच न्यायाने.

असा टिकाऊ केक दूरच्या प्रवासात उपयोगी पडे. अंटार्क्टिका खंडावरील केप अडेअर येथे १८९९ साली बांधलेल्या लाकडी झोपड्या आहेत. १९११ मध्ये कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतील सहा जण तेथे राहिले होते. पुढील वर्षी जहाजाने त्यांना दुसऱ्या ठिकाणी उतरविले; परंतु बर्फामुळे जहाज परत येऊ शकले नाही. मग त्यांनी बर्फात गुहा खोदली आणि सील व पेंग्विन खाऊन अंधारा हिवाळा काढला. जवळची थोडी साखर, चॉकलेट आणि मनुका ते ठरलेल्या दिवशी मोजून वाटून घेत. मूठभर मनुकांचीही तेथे केवढी किंमत असेल! त्या सहाही जणांचे प्राण वाचले.

२०१७ साली केप अडेअरच्या झोपडीतील वस्तूंची निगा राखताना संशोधकांना एक गंजलेला डबा सापडला. त्यात कागदात गुंडाळलेला फळांचा केक होता. तो ह्याच सहा जणांनी आणलेला असावा, असे मानले जाते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो जवळजवळ खाण्याजोगा दिसत होता. अंटार्क्टिकाच्या कडाक्याच्या थंडीनेही त्याला जपले, ह्यात शंका नाही. परंतु कोणा अज्ञात कारागिराने तो प्रथम नीट भाजला होता आणि डब्यात नीट बंद केला होता, हेही तितकेच खरे. आपला केक कोठे जाणार आहे आणि किती वर्षांनी उघडला जाणार आहे, हे त्या कारागिराला ठाऊक नव्हते.

अभ्यास

१. फळे आधी भिजविली नाहीत, तर केक कोरडा का पडतो?
२. मुरंबा आणि फळांचा केक ह्यांत कोणते साम्य आहे?
३. बर्फाच्या गुहेतील माणसे मनुका मोजून का वाटून घेत असतील?
४. तुमच्या घरी बरेच दिवस टिकणारा एखादा पदार्थ होतो. तो कशामुळे टिकतो, हे घरातील वडील माणसांना विचारून दहा ओळी लिहा.