न्यूयॉर्कमधील स्थिर भाड्याची घरे

मोठ्या शहरात घर मिळणे आणि ते परवडणाऱ्या भाड्यात मिळणे या दोन निराळ्या गोष्टी होत, हे मुंबईकरांस सांगावयास नको. न्यूयॉर्क शहरात हा प्रश्न कायद्याने हाताळण्याचा प्रयत्न गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. तेथे ‘भाडे स्थिरीकरण’ या व्यवस्थेखाली सुमारे दहा लाख सदनिका येतात. शहरातील भाड्याच्या घरांत त्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. तरीही असे घर शोधावयास निघालेल्या माणसास ते सहसा ओळखू येत नाही. त्याच्या दारावर तशी पाटी नसते, आणि घरमालकही ती गोष्ट आपण होऊन सांगेल असे नाही.

या व्यवस्थेचा मूळ कायदा १९६९ चा असून १९७४ मध्ये राज्याने तिला व्यापक आधार दिला. सर्वसाधारणपणे १ जानेवारी १९७४ पूर्वी बांधलेल्या आणि सहा किंवा अधिक सदनिका असलेल्या इमारती तिच्या कक्षेत येतात. काही नव्या इमारतीही करसवलतीच्या मोबदल्यात ठराविक मुदतीसाठी हे बंधन स्वीकारतात. शहरातील रिकाम्या घरांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असेल तरच ही व्यवस्था चालू ठेवता येते. २०२३ च्या पाहणीत ते १.४१ टक्के, म्हणजे १९६८ नंतरचे सर्वांत कमी आढळले. स्थिर भाड्याच्या घरांत तर ते एक टक्क्याच्याही खाली होते.

भाडेवाढ ठरविण्याचे काम नऊ सदस्यांच्या मंडळाकडे आहे. त्यात भाडेकरूंचे दोन, घरमालकांचे दोन व सर्वसामान्य जनतेचे पाच प्रतिनिधी असतात आणि त्यांची नेमणूक महापौर करतात. जून २०२५ मधील निर्णयानुसार, ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२६ या काळात सुरू होणाऱ्या एक वर्षाच्या करारास ३ टक्के व दोन वर्षांच्या करारास ४.५ टक्के वाढ मान्य झाली. म्हणजे १,५०० डॉलर भाडे असल्यास एक वर्षासाठी ते १,५४५ डॉलर होते. २०१५ व २०१६ मध्ये तर एक वर्षाच्या करारास मुळीच वाढ दिली गेली नव्हती. भाडेकरूच्या दृष्टीने भाड्याइतकाच मोलाचा दुसरा हक्क म्हणजे कराराचे नूतनीकरण. कायद्यात सांगितलेल्या कारणावाचून घरमालकास ते नाकारता येत नाही.

मुंबईच्या अनुभवाशी येथे तुलना करणे उद्बोधक ठरेल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले आणि ते पुढे दशकानुदशके तसेच राहिले. इमारतींची दुरुस्ती रखडली आणि पागडीची प्रथा रुजली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठलेल्या भाड्याच्या तरतुदींवर ताशेरे ओढले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दरवर्षी ४ टक्के वाढीस मुभा दिली. न्यूयॉर्कमध्ये भाडे गोठविलेले नसून दरसाल तपासले जाते, हा मुख्य फरक होय. अर्थात तेथील घरमालकही समाधानी आहेत असे नाही. घर सुधारण्यावर केलेल्या खर्चापोटी किती भाडे वाढविता येते यावर २०१९ च्या कायद्याने कडक मर्यादा घातली, ही त्यांची तक्रार आहे.

घर शोधणाऱ्याची खरी अडचण नोंदीची आहे. प्रत्येक स्थिर सदनिकेचे भाडे घरमालकाने दरवर्षी राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडे नोंदवावे लागते. कोणत्या इमारतीत अशी घरे आहेत याची यादी प्रसिद्ध केली जाते. परंतु त्या इमारतीतील कोणती सदनिका स्थिर आहे हे यादीत नसते. भाड्याचा इतिहास विनामूल्य मिळतो, पण तो तेथे राहणाऱ्या भाडेकरूलाच. घर घेण्यापूर्वी ज्या माहितीची गरज असते ती घर घेतल्यानंतर हाती यावी, हा विचित्र पेच आहे. म्हणून जाणते लोक सही करण्यापूर्वी इमारतीचे बांधकाम वर्ष व सदनिकांची संख्या पाहतात, यादी तपासतात, शेजाऱ्यांना विचारतात आणि कराराबरोबर स्थिरीकरणाचे जोडपत्र आहे की नाही ते पाहतात. पूर्वीचे भाडे किती होते व नवे कसे काढले, हे त्या जोडपत्रात नमूद करणे मालकावर बंधनकारक आहे.

याखेरीज शहराकडून सोडतीने दिली जाणारी घरे आहेत. त्यांसाठी उत्पन्नाच्या मर्यादा ठरलेल्या असतात. मात्र अर्जांची संख्या घरांच्या कितीतरी पट असते. खाजगी घरासाठी वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या चाळीसपट असावे असा रिवाज आहे, म्हणजे २,००० डॉलर भाड्यास ८०,००० डॉलर. हे न जमणाऱ्यास जामीनदार शोधावा लागतो. दलालीचा भार पूर्वी बहुधा भाडेकरूवरच पडे. जून २०२५ पासून दलाल ज्याने नेमला त्यानेच ती द्यावी असा नियम झाला. अनामत रक्कम २०१९ पासून एका महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही.

१९९३ पासून रिकाम्या होणाऱ्या घराचे भाडे ठराविक मर्यादेवर गेले की ते नियंत्रणातून सुटत असे. ती मर्यादा आरंभी २,००० डॉलर होती. हजारो सदनिका या वाटेने बाहेर गेल्या, आणि त्यांत काही ठिकाणी दुरुस्तीचा खर्च फुगवून भाडे मर्यादेपार नेल्याच्या तक्रारी झाल्या. जून २०१९ मध्ये ही वाट बंद करण्यात आली. तथापि तत्पूर्वी कायदेशीररीत्या सुटलेली घरे परत आली नाहीत. त्यामुळे आज एकाच जिन्यावर समोरासमोरच्या दोन सारख्या घरांपैकी एक स्थिर तर दुसरे बाजारभावाचे असू शकते.

समजा, नव्या भाडेकरूने २,८०० डॉलर भाड्याने घर घेतले आणि मागविलेल्या इतिहासात आधीच्या भाडेकरूचे नोंदलेले भाडे १,४०० डॉलर निघाले. या वाढीचा हिशेब देण्याची जबाबदारी मालकाची. तो देता न आल्यास भाडेकरू विभागाकडे तक्रार करू शकतो. सहा वर्षांपर्यंतचे जादा भाडे परत मागता येते आणि वाढ हेतुपुरस्सर ठरल्यास तिप्पट भरपाई मिळू शकते. तक्रारीचा निकाल लागण्यास मात्र वेळ लागतो, आणि तोवर कराराची, भाड्याच्या पावत्यांची व पत्रव्यवहाराची प्रत भाडेकरूने आपल्याजवळ सांभाळून ठेवावी लागते.