हायबुन लिहिताना

हायकू आता मराठीला परका राहिलेला नाही. शिरीष पै यांनी १९७० च्या दशकात तो आपल्याकडे रुजवला आणि तेव्हापासून महाविद्यालयीन वार्षिकांत हायकूंचे एखादे पान ठरलेलेच. (तीन ओळींत सुटका होते, हेही त्याचे एक कारण असावे!) त्याचा सख्खा भाऊ हायबुन मात्र आपल्याकडे फारसा कोणी लिहीत नाही. हायबुन म्हणजे थोडे गद्य आणि त्याच्या मध्ये किंवा शेवटी हायकू.

बाशो १६८९ मध्ये एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, सोरा या शिष्याला घेऊन उत्तरेकडे पायी निघाला. त्या प्रवासाचे 'ओकु नो होसोमिची' हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७०२ मध्ये छापले गेले. सोरानेही वाटेत रोजनिशी ठेवली होती. ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा गुरु-शिष्यांचे तपशील जागोजागी जुळत नाहीत असे दिसले. बाशोने घडले तसे टिपले नव्हते. पुढे काही वर्षे तो मजकूर घडवीत राहिला होता.

इस्साचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. १८१९ मध्ये त्याची चिमुकली मुलगी देवीच्या आजाराने गेली. 'ओरागा हारु'मध्ये तिचे खेळणे, मग तिचे दुखणे तो गद्यात सांगतो. पण तिच्या मृत्यूनंतरच्या हायकूत मुलगी नाही, आजार नाही. तिथे दव आहे.

ही गोष्ट मला वाचून कळली होती, लिहिताना कळली नाही. माझी आजी गेली ती माझ्या बारावीच्या परीक्षेत. पेपर संपेपर्यंत घरच्यांनी मला कळवले नाही. त्यावर मी दीड पान लिहिले. त्यात माझे रडणे होते, बाबांवरचा राग होता, आणि शेवटच्या तीन ओळींत रिकामे घर व भरलेले डोळे. सरांनी वाचून विचारले, "अरे, गद्यात एकदा रडलास, आता हायकूतही रडायचे का?"

राग आला. पण घरी येऊन पहिल्यांदा डोळे खोडले, मग रडणे. बाबांवरची वाक्ये खोडताना हात अडला. ती खरी होती. ती काढणे म्हणजे खोटे लिहिणे नव्हे का? दोन दिवस तो कागद तसाच ठेवला. शेवटी उरले ते असे :

एस.टी. तिठ्यावर सोडते. पुढे अर्ध्या तासाची वाट. भेटणारा प्रत्येक जण "आलास?" एवढेच म्हणतो. अंगणात बाबा उभे, डोके भादरलेले. माझ्या हातातली पिशवी घेतात. "पेपर कसे गेले?" "बरे गेले," मी म्हणतो.

दुधीचा वेल
आजीच्या काठीवर
कोवळे पान

पाच-सात-पाच अक्षरे इथे जमली, पण मी त्यांच्या मागे लागलो नव्हतो. जपानीत दीर्घ स्वराची मोजणी दोन धरतात, त्यामुळे आपली अक्षरे मोजून तो नियम तंतोतंत उतरत नाहीच. मला खरा त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. अंगणातून परसात जाताना मधला पूल मोडावा लागतो. "मग मी मागे गेलो, तिथे काठी दिसली" असे लिहिले की काठी नुसती काठीच राहते. ते वाक्य मी तीनदा लिहिले आणि तीनदा काढले.

सरांनी या वेळी काही खोडले नाही. बाबांच्या प्रश्नाखाली मात्र पेन्सिलीने एक रेघ मारली. राग तिथेच आहे, असे त्यांना म्हणायचे होते की आणखी काही, ते मी विचारले नाही. काठी वेलाला कोणी लावली, हेही घरी अजून विचारलेले नाही. हा अंक सुटीत घरी जाईल. बाबा तो वाचतात, पहिल्या पानापासून, जाहिरातींसकट.