केस धुताना लावावयाचा छज्जा

तीन ते सहा वर्षांची मुले अंगावर पाणी घेताना खिदळतात. परंतु तोच तांब्या डोक्यावर आला की किंचाळू लागतात. घरातील वडीलधारी माणसे यास हट्ट म्हणतात. वस्तुतः त्यात हट्ट थोडा व भीती अधिक असते. साबण अल्कधर्मी असल्यामुळे डोळ्यांत गेला की झोंबतो; शिकेकाई व रिठाही डोळ्यांना जाचतात. शिवाय चेहऱ्यावरून पाण्याचा लोट आला म्हणजे क्षणभर दिसेनासे होते व श्वास कोंडतो. असा अनुभव एकदा आलेल्या मुलास गुडघ्यांत दाबून न्हाऊ घातले की भीती दुणावते. कित्येक घरी तर या कटकटीपायी मुलीचे केसच, ती रडत असता, बारीक कापून टाकतात. हा उपाय नव्हे.

कोकणात भातलावणीच्या वेळी डोक्यावर घेतात त्या इरल्याचे तत्त्व येथे उपयोगी पडते : पाणी अडवावयाचे नाही, ते अंगापासून दूर ओघळू द्यावयाचे. पाचवीच्या मुलांना धाकट्या भावंडासाठी असा छज्जा कार्यानुभवाच्या दोन तासिकांत सहज करता येईल.

साहित्य म्हणून मेणकापडाचा 34 सेंटीमीटर चौरस तुकडा, जुन्या धोतराची पट्टी, सुई-दोरा व दोन नाड्या पुरेत. खताच्या वा औषधाच्या पिशवीचे कापड कितीही धुतलेले असले तरी घेऊ नये. प्रथम भुवयांच्या किंचित वरून दोरी फिरवून डोक्याचा घेर मोजावा. घेरास 6 ने भागून येईल ती आतील वर्तुळाची त्रिज्या. घेर 48 सेंटीमीटर असल्यास त्रिज्या 8 सेंटीमीटर येते. त्याच मध्यबिंदूवरून 16 सेंटीमीटर त्रिज्येचे बाहेरील वर्तुळ काढावे व दोन्ही वर्तुळे कापावीत. आता या कड्यातून आतील कडेवर 5 व बाहेरील कडेवर 10 सेंटीमीटर भरेल अशी फाक काढून टाकावी. आतील कड सुमारे 50 सेंटीमीटरची होती, ती 45 उरते. ही फट मागे येते व नाड्यांनी आवळताच कडे छत्रीसारखे उतरते होते. फाक का काढली, हे मुलांनाच विचारावे. सपाट कडे डोक्यावर ठेवून पाहिले की उत्तर त्यांना आपोआप सापडते. आतील कडेस धोतराच्या पट्टीची चौपदरी घडी शिवावी. झिरपणारे पाणी ती शोषून घेते व कपाळास कापड काचत नाही. नाड्या मागेच बांधाव्यात. हनुवटीखाली कदापि नकोत.

छज्जा तयार झाला म्हणून लगेच पाणी ओतू नये. एक-दोन दिवस मुलास तो घालून खेळू द्यावा, बाहुलीस न्हाऊ घालू द्यावे. नंतर पहिला तांब्या त्याच्याच हाती द्यावा. कोमट पाणी आपल्या कोपराने पाहून घ्यावे, ओतण्यापूर्वी तसे सांगावे व पाणी मागील बाजूने सोडावे. पाण्याजवळ मुलास एकटे सोडून उठू नये.

छज्जाखाली राहिलेले कपाळावरचे व कानांजवळचे केस शेवटी ओल्या फडक्याने पुसावे लागतात, ही त्याची उणीव आहे. तसेच उवा झाल्यास केवळ केस धुण्याने त्या जात नाहीत. डोक्यास डोके लागून त्या पसरतात, तेव्हा फणी घरातील सर्वांच्याच केसांत फिरवावी लागते. वापरानंतर छज्जा पुसून सावलीत टांगावा. पट्टी ओली राहिल्यास तीस कुबट वास येतो व मूल तो पुन्हा कपाळास लावू देत नाही.