फ्लॅशचा प्रकाश आणि त्याचे मोजमाप

समारंभाच्या छायाचित्रांत एक दोष वारंवार आढळतो. पहिल्या रांगेतील पाहुण्यांचे चेहरे चुन्यासारखे पांढरे, आणि मागे उभ्या असलेल्या स्वयंसेवकांचे चेहरे काळोखात बुडालेले. कॅमेरा स्वयंचलित असूनही असे का व्हावे? ज्यांनी सतरंज्या घातल्या, पाणी भरले, पंगती वाढल्या, त्यांची नोंद पुष्कळदा त्या एका चित्रातच राहते. म्हणून न्यासाच्या या महोत्सवी अंकात आम्ही या विषयाचा थोडक्यात परिचय करून देत आहोत.

आपल्या शेजारी इंदूर येथे राजा दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास छायाचित्रणास आरंभ केला, तेव्हा मुख्य भिस्त सूर्यावरच होती. मॅग्नेशियमची झगझगीत पूड १८८७ साली जर्मनीत प्रचारात आली. विजेच्या फ्लॅशचा पाया अमेरिकेतील प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास घातला.

अंतराचा नियम

प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. मुलांना हे घरीच दाखवता येईल. मेणबत्तीपासून अर्ध्या मीटरवर १० सेंटिमीटर चौरस छिद्राचा पुठ्ठा धरावा. एक मीटरवरील भिंतीवर २० सेंटिमीटरचा चौरस उमटेल. अंतर दुप्पट, क्षेत्र चौपट, म्हणून उजेड एकचतुर्थांश.

यावरूनच फ्लॅशचा ‘गाइड नंबर’ ठरतो. अंतर आणि भिंगाच्या छिद्राचा एफ-आकडा यांचा गुणाकार म्हणजे गाइड नंबर. आयएसओ १०० ला तो ३२ असेल, तर ४ मीटरवरील माणसासाठी एफ ८ आणि ८ मीटरवरील माणसासाठी एफ ४ ठेवावा लागतो. पूर्वी छायाचित्रकार हा हिशेब मनातल्या मनात करीत असत.

यंत्र काय मोजते?

१९६५ च्या सुमारास स्वयंचलित फ्लॅश बाजारात आले. त्यांत एक प्रकाशग्राही डोळा असतो. माणसावरून परतलेला प्रकाश तो मोजतो, आणि पुरेसा होताच दिवा बंद करतो. पूर्ण झोत सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका टिकतो. जवळच्या वस्तूसाठी तो याहून कितीतरी लवकर तुटतो. सुरुवातीच्या फ्लॅशमध्ये उरलेली वीज वाया जाई; पुढे थायरिस्टर आल्यावर ती वाचू लागली. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ कॅमेऱ्यात भिंगातून आत आलेला आणि फिल्मवरून परावर्तित झालेला प्रकाशच मोजण्याची सोय झाली. डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदकाचा पृष्ठभाग फिल्मप्रमाणे प्रकाश परतवीत नाही. म्हणून आजचे कॅमेरे आधी एक अल्पसा झोत टाकून अंदाज घेतात व मग खरा झोत सोडतात. कॅननने ही पद्धत १९९५ साली आणली.

मात्र एक गोष्ट विसरू नये. यंत्र परतलेला प्रकाश मोजते; माणूस ओळखत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, असे ते ढोबळमानाने गृहीत धरते. पांढरे सदरे, टोप्या आणि धोतरे यांची रांग असली, की ‘प्रकाश पुष्कळ झाला’ असे समजून ते हात आखडते, आणि सावळे चेहरे अधिकच काळवंडतात. उलट काळ्या शेरवानीतील नवरदेव गडद पडद्यासमोर असला, तर ते जादा प्रकाश ओतते व चेहऱ्याचा रंगच उडतो. व्यासपीठामागील संस्थापकांच्या तसबिरीची काच किंवा पितळी समई चमकली, तरीही यंत्र फसते.

उपाय

(१) पांढरे कपडे अधिक असतील तर फ्लॅशचे प्रमाण सुमारे एक स्टॉप वाढवावे. काळे अधिक असतील तर तितकेच कमी करावे.

(२) कॅमेऱ्यात फ्लॅशचे मोजमाप धरून ठेवण्याची सोय असेल, तर चेहऱ्यावर मोजमाप घेऊन मग चौकट जुळवावी.

(३) तसबिरीच्या समोर उभे न राहता थोडे तिरपे उभे राहावे.

(४) सामूहिक चित्रासाठी मागे सरावे. पुढील रांग २ मीटरवर व मागील ४ मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या चौथा हिस्सा प्रकाश मिळतो. आपण दोन मीटर मागे गेलो, की रांगा ४ व ६ मीटरवर येतात आणि तोच हिस्सा सुमारे ४४ टक्के होतो. अर्थात फ्लॅश तितका समर्थ हवा. मोबाइलमधील दिवा या कामी दुबळा ठरतो.

(५) दुपारीही फ्लॅश वापरावा. आपले उज्जैन कर्कवृत्तालगत आहे. सवाई जयसिंगांच्या वेधशाळेत २१ जूनच्या सुमारास मध्यान्ही शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. त्याच उभ्या उन्हात टोपी-फेट्याखालचे डोळे मात्र सावलीत जातात. तेथे एक स्टॉप कमी केलेला फ्लॅश डोळे उजळतो. शटर मात्र कॅमेऱ्याच्या फ्लॅश-मर्यादेच्या आत, बहुधा सेकंदाचा दोनशेवा भाग किंवा त्याहून संथ, असावे.

रात्री रामघाटावरून क्षिप्रेच्या पैलतीरावर फ्लॅश मारणे मात्र व्यर्थ होय. झोत जवळच्यांच्या डोळ्यांवर आदळतो, आणि पलीकडचे दिवे आहेत तितकेच राहतात.

सारांश, झोत किती वेळ चालावा हे यंत्र ठरवील. पण तो कोणाच्या चेहऱ्यासाठी आहे, हे छायाचित्रकारानेच ठरवावयाचे असते. पुढील समारंभात चित्र घेताच शेवटच्या रांगेतील प्रत्येक चेहरा ओळखू येतो की नाही हे आधी पाहावे, आणि येत नसेल तर मंडळी पांगण्यापूर्वीच दुसरे घ्यावे.