हजेरीपटात नसलेलं पोर

खापरखेडा,
रविवार

चि. छकुली,


तुझी नेमणूक झाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. नववी-दहावीला मराठी आणि इतिहास मिळाला, शाळाही आपल्याच खाणीच्या पट्ट्यातली, हेही कळलं. माझ्या निवृत्तीनंतर घरात पुन्हा कुणी खडू हातात घेतंय, या आनंदात रात्री झोप लागली नाही. म्हणून लिहायला बसलो.

केळुसकर गुरुजींची गोष्ट तुला पाठ आहे. पाचवीत असताना आंबेडकर जयंतीच्या भाषणात तू ती न अडखळता सांगितली होतीस. पण आजवर तू ती बाबासाहेबांच्या बाजूनं ऐकलीस. रुजू होण्याआधी एकदा केळुसकरांच्या बाजूनं ऐक.

कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईच्या विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक, आणि भीमराव शिकायचा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये. म्हणजे हा मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हता, शाळेतलाही नव्हता. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत एक पोरगा रोज पुस्तक घेऊन बसतो, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी विचारपूस केली. मुलगा अस्पृश्य मानलेल्या आपल्या समाजातला आहे हे कळल्यावरही मागे सरले नाहीत. उलट त्याला वाचायला पुस्तकं देऊ लागले. दिवसभर शिकवून थकलेला, घरी जाऊन स्वतःचं लिखाण करणारा माणूस होता तो. त्या बाकाशी थांबायचं त्यांना काही कारण नव्हतं.

आणि त्या मुलाला रोज शाळेत काय भोगावं लागत होतं? संस्कृत शिकायचं होतं, ते मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. फळ्यावर गणित सोडवायला तो उठला, तर फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून पोरं ते उचलायला धावली. घर परळच्या चाळीत, एका खोलीचं. रामजीबाबा त्याला लवकर निजवायचे आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे, कारण तेव्हाच कुठे शांतता मिळायची. बागेतल्या बाकाची किंमत यावरून समज.

आता माझं सांगतो. हे मी ताईलाही कधी बोललो नाही.

नोकरीत असताना संध्याकाळी मी कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीजवळून घरी यायचो. तिथे सावलीत एक पोरगा बसलेला असायचा. अंगावर दुसऱ्या शाळेचा गणवेश, मांडीवर वही. कित्येक महिने मी त्याला पाहत होतो. एक दिवस वैतागात होतो, त्याला हटकलं, "घर नाही का रे तुला?" त्यानं वह्या गोळा केल्या आणि गेला. पुन्हा तिथे दिसला नाही.

पुढे कधीतरी बोलता बोलता कळलं. त्याचा बाप सिल्लेवाड्याच्या खाणीत. नाइट शिफ्ट करून आलेला माणूस दिवसा झोपायचा. खोली एकच. झोपमोड नको म्हणून आई पोराला बाहेर पाठवायची. आपल्या गावात वीज केंद्राचे बॉयलर रात्री थांबत नाहीत, खाणही थांबत नाही, निम्मं गाव दिवसा झोपतं. हे मला जन्मापासून ठाऊक होतं, आणि तरी त्या पोराकडे बघून सुचलं नाही. माझ्या हजेरीपटात त्याचं नाव नव्हतं, एवढ्यानं माझे डोळे झाकले गेले. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. नाव विचारलंच नव्हतं.

केळुसकर विचारून थांबले नाहीत. भीमराव परीक्षा पास झाला तेव्हा त्याच्या सत्काराला स्वतः गेले आणि आपण लिहिलेलं, १८९८ साली छापलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. त्या पुस्तकानं आपल्यावर काय परिणाम केला ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. इंटरनंतर पैसे संपले, तेव्हा केळुसकर त्याला घेऊन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे गेले. महिना २५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली, १९१२ साली बी.ए. झालं, १९१३ साली तो मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. पुस्तक देणं त्या मानानं सोपं गं. दुसऱ्याच्या लेकरासाठी मोठ्या माणसाच्या दारात उभं राहून मागणं, ते मला फार मोठं वाटतं.

तुला महाराज शोधावे लागणार नाहीत, पण कागद शोधावे लागतील. आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा तुझ्या वर्गाची नाही म्हणून सोडू नकोस. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि त्यासाठी सेतू केंद्रात, तहसीलला चकरा मारायच्या तर बापाची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून घरचे "पाहू" म्हणतात आणि तारीख निघून जाते. अशा घरी तू स्वतः जा. बाप झोपला असेल तर आईशी हळू बोल. जमलं तर सोबत सावनेरला तहसीलीत जा.

केळुसकर १९३४ साली गेले. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा दिवस, १४ ऑक्टोबर १९५६, त्यांना दिसला नाही. आपली आजी मात्र त्या दिवशी पांढरं लुगडं नेसून नागपूरला दीक्षेच्या मैदानात होती. केळुसकर हे नाव तिला माहीत होतं की नाही, कोण जाणे. मी तिला कधी विचारलं नाही, याची आता हळहळ वाटते.

सुटीत ये. टाकी अजून तिथेच आहे. मी रोज पाच वाजता सतरंजी आणि पाण्याची बाटली घेऊन तिथे बसतो. तीन पोरं आणि एक पोरगी येतात. पोरीला तुझं दहावीचं भूगोलाचं पुस्तक हवं आहे. माळ्यावर असेल तर ताईला काढून ठेवायला सांग, आणि येताना आण.

तुझा,
मामा